सेकंदाला पाच

पीरमहंमदांनी गाडी गॅरेजच्या आवारात वळवून घेतली, पण इंजिन बंद केलं नाही आणि दारही उघडलं नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ते समोरच्या भिंतीकडे पाहत राहिले. गाडी इतकी बुटकी होती की बाहेर उभ्या असलेल्या निखतला त्यांची फक्त टोपी दिसत होती. ती वाकली आणि तिने काचेवर बोटाने टकटक केली.

काच खाली आली.

"अजून हाय," ते म्हणाले.

"तसंच?"

"तसंच. दाबली की साफ. सोडली की साफ. नुसता पाय टेकवून चाळीसला निवांत धरली की गचके मारतीय."

निखतने मान हलवली. कॉलेजातून येऊन तिने अजून पर्सही खाली ठेवली नव्हती. पिरंगुटच्या ज्युनिअर कॉलेजात ती अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवायची आणि दुपारनंतर वडिलांच्या गॅरेजात वायरिंगची, सेन्सरची, स्कॅनरची कामं पाहायची. जिथे पाना चालतो तिथे अब्बा आणि जिथे मीटर चालतो तिथे ती, अशी वाटणी गेली सहा वर्षं न बोलता ठरून गेली होती.

पौडच्या बाजारपेठेपासून जरा पुढे, ताम्हिणीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून असलेल्या या गॅरेजात ती गाडी आली त्याला आता एकोणीस दिवस झाले होते. दोन सीटची, गडद हिरवी, अठरा वर्षांची स्पोर्ट्स कार. मालकीण दिशा हिंजवडीत नोकरी करायची आणि शेजारच्या जांबे गावात भाड्याने राहायची. तीन वर्षं पगार साठवून तिने ही गाडी जुन्या बाजारातून घेतली होती. गाडी झटके देते, ही तिची तक्रार खरी होती. इंजिनात हवा सोडणारी झडप कार्बनने काळी पडली होती. पीरमहंमदांनी ती पहिल्याच दिवशी काढून धुतली, पुसली, बसवली आणि ट्रायलला गेले. परत आले ते कपाळाला आठी घालून.

त्यानंतर प्लग बदलून झाले. कॉइल बदलून झाल्या. रबराच्या पायपा साबणाच्या पाण्याने तपासून झाल्या, इंजिनाखालचे रबरी गुटके बदलून झाले, अर्थिंगच्या तारा घासून झाल्या. प्रत्येक कामाला कारण होतं. प्रत्येक कामानंतर ट्रायल झाली, आणि प्रत्येक ट्रायलचा निकाल एकच होता.

एकेचाळीस वर्षांत या गॅरेजातून कुठलीही गाडी पीरमहंमदांनी स्वतः चालवून पाहिल्याशिवाय बाहेर गेली नव्हती. पुढच्या माले गावच्या चढापर्यंत जायचं, चढावर गाडीचं म्हणणं ऐकायचं आणि परत यायचं. मग बॉनेट उघडून, शेवटचा नट जो आवळला असेल त्यावर पिवळ्या ऑइलपेंटचा एक ठिपका लावायचा. ठिपका असला की गाडी पीरमहंमदभाईंच्या पायाखालून गेली आहे, हे मुळशीपासून पिरंगुटपर्यंतच्या ड्रायव्हरांना कळायचं. काहीजण जुनी गाडी विकत घेताना आधी बॉनेट उघडून तो ठिपका शोधायचे.

पीरमहंमद गाडीतून उतरले. उतरताना त्यांनी दाराच्या चौकटीला धरलं. गाडी बुटकीच होती.

"ती बाई कधी येतीय?"

"रविवारी. अकराला."

"रविवारपतूर न्हाई सापडलं, तर शटर ओढायचं."

"अब्बा."

"थट्टा न्हाई करत. पायाखाली काय चाललंय ते ज्याला उमगत न्हाई, त्यानं लोकांच्या गाड्या कशाला उघडायच्या? त्या बिरूसारखी शेरडं राखायची."

बिरू फाटकाजवळच्या जुन्या टायरवर बसला होता. त्याची शेळ्या-मेंढ्या न्यायची पिकअप क्लचच्या कामाला नंबर लावून उभी होती.

"शेरडं राखायला बी अक्कल लागती भाई," तो बसल्या जागेवरून म्हणाला. "उगं आमच्या धंद्यात गर्दी नगं."

पीरमहंमद हसले नाहीत. निखतने वडिलांकडे पाहिलं. शटर ओढायची भाषा त्यांनी याआधी कधी केली नव्हती. आई गंभीर आजारी असतानाही नाही, महामारीच्या वर्षात सहा महिने एकही गाडी आली नाही तेव्हाही नाही. ते बेसिनकडे गेले आणि साबणाने बराच वेळ हात धूत राहिले.

गेल्या रविवारी दिशा आली होती. तिने गाडी पेट्रोल पंपापर्यंत चालवून आणली आणि उतरताना चेहरा खुलवून म्हणाली, "काका, मला तर एकदम स्मूथ वाटली. घेऊन जाऊ का?"

"तुमास्नी वाटली," पीरमहंमद म्हणाले होते. "गाडीला न्हाई वाटली."

सगळे हसले होते. दिशाही हसली आणि रिक्षाने परत गेली. निखतही हसली होती.

गुरुवारी निखतने कॉलेजच्या प्रयोगशाळेतून साबणाच्या वडीएवढी एक पेटी आणली. विद्यार्थ्यांच्या प्रयोगांसाठी घेतलेली ती पेटी वायरमधला विजेचा दाब सेकंदाला दोनशे वेळा मोजून लॅपटॉपवर उतरवायची. गॅरेजातला स्कॅनर सेकंदाला जेमतेम चार वेळा मोजायचा. फिरत्या पंख्याकडे मधूनच डोळे उघडून पाहिलं तर पाती कशी फिरताहेत ते कळत नाही, तसं ते होतं. स्कॅनरवर एवढे दिवस नुसत्या वेड्यावाकड्या रेघा आल्या होत्या, आणि त्यातून काही निघत नव्हतं.

या गाडीत ॲक्सिलरेटरच्या पेडलपासून इंजिनापर्यंत केबल जात नव्हती. पेडल किती दाबलं ते एक सेन्सर विजेने सांगायचा आणि मग झडप उघडायची. सेन्सर एक नव्हता, दोन होते. एक बिघडला तर दुसऱ्यावरून कळावं म्हणून. पहिल्या आठवड्यात निखतने हे समजावून सांगितलं तेव्हा पीरमहंमदांना ते फार आवडलं होतं.

"बरोबर हाय," ते म्हणाले होते. "निकाहाला बी दोन साक्षीदार लागत्यात. एक माणूस चुकंल, एक खोटं बोलंल. दोघं वेगवेगळ्या जागी बसून एकच सांगत असतील, तर मानायचं."

तिने पेडलजवळ वाकून दोन्ही सेन्सरच्या वायरींना पेटीच्या पिना लावल्या. तिसरी पिन बॅटरीला लावली. मग ती डाव्या सीटवर बसली आणि लॅपटॉप मांडीवर घेतला.

"परत आल्यावर इंजिन बंद करा, पण चावी काढू नका," ती म्हणाली. "मी सांगेपर्यंत चावी चालूच राहू द्या. नाहीतर शेवटची नोंद अर्धवट राहील."

"तू सांगशील तसं."

डिसेंबरची चार वाजताची उन्हं रस्त्यावर आडवी पडली होती. दोन्ही बाजूंना भाताची कापणी झालेली खाचरं कोरडी पडली होती. पीरमहंमद गाडी फार छान चालवायचे. गिअर कधी बदलला ते शेजारी बसणाऱ्याला कळायचं नाही. लहानपणी त्यांच्या जीपमध्ये निखत हमखास झोपायची.

"आता बघ," माल्याच्या अलीकडे ते म्हणाले. "चाळीस. नुसता पाय टेकवलाय. हे बघ. हे."

गाडी खरोखरच गचके खात होती. बारीक, नेमाने, जणू रस्त्यावर कुणी एकसारख्या अंतरावर दोऱ्या आडव्या टाकल्या होत्या. लॅपटॉपच्या पडद्यावर दोन रेघा थरथरत पुढे सरकत होत्या, पण हलत्या पडद्यावर निखतला त्यांचं नीट काही दिसत नव्हतं.

"तीसला धरा. आता पन्नासला."

"दोन्हीकडं तेच."

ते परत आले तेव्हा बिरू फाटकातच उभा होता. पीरमहंमदांनी गाडी उभी करून इंजिन बंद केलं. घराच्या मागच्या दारातून आईने हाक मारली, तशी निखत लॅपटॉप सीटवर ठेवून आत गेली. आईला गॅसचा सिलिंडर बदलून हवा होता. बाहेरचं बोलणं खिडकीतून आत येत होतं.

"भाई, ह्यात माझं एक बोकड तरी बसंल का वो?"

"बोकड बसंल. तू न्हाई बसायचास."

"लाखाची गाडी आन् जागा पाटीएवढी."

"पाच लाखाची."

"आरारा. पाच लाखात मी रिहे गावातल्या शेरडांचं अख्खं खांड उचललं असतं. दूध तरी दिलं असतं."

पीरमहंमद हसले. निखत सिलिंडरची चावी फिरवून बाहेर आली, तेव्हा ते अजून गाडीतच बसले होते आणि बिरू दारावर कोपरं टेकून वाकला होता. तिने नोंद थांबवली आणि म्हणाली, "झालं. आता चावी काढा."

संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने ती नोंद उघडली. आई, रोशनबी, ओट्याशी चहा गाळत होत्या.

पडद्यावर खाली बॅटरीची आणि वर सेन्सरच्या दोन रेघा होत्या. दुसरी रेघ पहिलीच्या निम्म्या उंचीची, सेन्सर तसे बनवलेलेच असतात. निखतने दुसरीला दोनने गुणलं आणि पहिलीवर ठेवलं. दोन रेघांची एक रेघ झाली. कुठे केसाएवढीही फट नव्हती.

म्हणजे सेन्सर बिघडलेले नव्हते. वायरिंगही नाही. पेडल खरोखरच हलत होतं.

तिने एका सेकंदाचा तुकडा मोठा करून पाहिला. शिखरं मोजली. पाच. तीसच्या वेगाचा तुकडा काढला. पाच. पन्नासचा काढला. पाच. चाकामुळे असतं तर वेगाबरोबर आकडा बदलला असता. इंजिनामुळे असतं तर गिअरबरोबर बदलला असता. तिने वहीत तीन आकडे एकाखाली एक लिहिले आणि पेन खाली ठेवलं.

मग ती नोंदीच्या शेवटाकडे गेली. सव्विसाव्या मिनिटाला बॅटरीची रेघ चौदा व्होल्टवरून बारावर उतरली होती. तिथे इंजिन बंद झालं होतं. गाडी आवारात उभी होती, चाकं थांबली होती, अब्बा बिरूशी बोलत बसले होते.

वरच्या दोन रेघा थरथरत होत्या. सेकंदाला पाच.

चार मिनिटं ते तसंच होतं. मध्ये एका ठिकाणी काही क्षण रेघ सपाट झाली होती. तिथे बहुतेक अब्बा हसले होते आणि त्यांनी पाय उचलला होता. मग पाय परत टेकला होता.

निखतने लॅपटॉपचं झाकण मिटवलं नाही.  शेगडीवर दूध वर आलं, आईने ते उतरवलं आणि दोन कप भरले. एक काठोकाठ आणि एक अर्धा.

"अम्मी, हा अर्धा कुणाचा?"

"त्यांचा."

"अर्धाच?"

"अर्धाच देते मी. बकरी ईदपासनं." रोशनबींनी कपाचा कान बशीत उजवीकडे वळवून ठेवला. "सांडतो. मग बाकीचा अर्धा जरा थांबून देते."

"त्यांना काही विचारलं नाहीस?"

"विचारलं की. म्हणाले, पावसाची थंडी हाय." त्यांनी दुधावर झाकण ठेवलं. "आता पाऊस कुटं हाय?"

त्या कप घेऊन बाहेर गेल्या. निखतला गॅरेजातल्या फळीवरचे जुने भाग आठवले. गेल्या वर्षापर्यंतचे पिवळे ठिपके मुगाच्या दाण्यासारखे गोल होते. अलीकडच्या ठिपक्यांना एका बाजूने शेपूट फुटलेलं असायचं. तिनेच ते आधी पाहिलं होतं, आणि अब्बांना चष्म्याचा नंबर बदलायला घेऊन गेली होती.

शुक्रवारी पीरमहंमद जुम्म्याच्या नमाजला गेल्यावर तिने गाडी बाहेर काढली. गिऱ्हाइकाची गाडी ट्रायलला तिने याआधी कधीच नेली नव्हती. सीट पुढे ओढून घेतली, पेटी जोडली, आणि त्याच रस्त्याने, तेवढ्याच वेगाने माल्याकडे निघाली.

चाळीसला तिने पाय नुसता टेकवला. गाडी रस्त्यावरून अलगद सरकत राहिली.

तिने तीसला धरून पाहिली, पन्नासला धरून पाहिली. चढाच्या पायथ्याशी वळवून पुन्हा चाळीसला आणली. एका खड्ड्यात गाडी हलली तेव्हा ती एकदम ताठ झाली आणि लॅपटॉपकडे पाहू लागली, आणि मग तिच्या लक्षात आलं की गचका यावा म्हणून ती वाट पाहते आहे. तिने गाडी कडेला घेतली. समोरच्या खाचरात दोन बायका पावट्याला पाणी देत होत्या. त्या पाणी देऊन बांधावर बसेपर्यंत निखत स्टिअरिंग धरून तिथेच थांबली.

न जुळणारं निरीक्षण खोडायचं नाही, असं ती दरवर्षी जूनमध्ये फळ्यावर लिहायची. दिशाचं निरीक्षण तिने हसून खोडलं होतं. एवढ्या दिवसांत तिच्याआधी गाडी दोनच माणसांनी चालवली होती, आणि त्यातल्या एकाचंच खरं धरलं होतं. ते एकेचाळीस वर्षं खरं ठरलं होतं, म्हणून.

अब्बांच्या रोजच्या जीप, पिकअप, ट्रॅक्टर यांची पेडलं जड होती. तिथे पाय दाबूनच ठेवावा लागायचा, आणि दाबलेला पाय थरथरत नव्हता. या गाडीचं पेडल पिसासारखं हलकं होतं. जे बाकीच्या गाड्यांनी कळू दिलं नव्हतं, ते हिने पहिल्या दिवशीच सांगितलं होतं.

पेडलचा सेन्सर खराब होता, बदलला, असं अब्बांना सांगता आलं असतं. दोन दिवसांत नवा मागवता आला असता. पण त्यानंतरची ट्रायल कोण घेणार होतं? आणि सोमवारी शाळेची व्हॅन ब्रेकच्या कामाला यायची होती.

तिने गाडी वळवली.

शनिवारी सकाळी ती कामाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती. पीरमहंमद हिरव्या गाडीत बसले आणि लगेच उतरले.

"सीट दोन खाचा पुढं हाय," ते म्हणाले. "काल कुणी चालवली?"

"मी."

"ट्रायलला?"

"हो. माल्यापर्यंत."

ते पुसायच्या फडक्याने हात पुसू लागले. हात स्वच्छच होते.

"काय म्हणाली?"

"काही नाही म्हणाली, अब्बा."

ते टेबलाशी आले. स्टूल ओढलं, पण बसले नाहीत. निखतने दोन नोंदी एकाखाली एक मांडल्या होत्या. वरची सपाट होती.

"ही कालची?"

"कालची."

"म्हंजी तुझी." त्यांनी चष्मा वर सरकवला. "आन् खालची परवाची."

"हो."

ते खालच्या रेघेवरून बोट न टेकवता हळूहळू उजवीकडे जात राहिले. कागदावरच्या किंवा पडद्यावरच्या आकड्यांतून त्यांना कधीच काही उमगत नसे, पण रेघ वाचता यायची. बॅटरीच्या रेघेपाशी बोट थांबलं.

"हितं बॅटरी पडली."

"तिथं तुम्ही इंजिन बंद केलंत."

बोट सरळ वर गेलं आणि त्याच नोंदीतल्या वरच्या दोन रेघांवर टेकलं. बराच वेळ ते तिथेच होतं. रस्त्यावरून एक एसटी गेली. आवारातल्या पत्र्याला तिचा हादरा बसला आणि थांबला.

"ह्या दोन्ही सेन्सरच्या."

"हो."

"दोघं एकच सांगत्यात."



पीरमहंमदांनी बोट मागे घेतलं. पडद्यावर बोटाचा एक पुसट ठसा उमटला होता. ते स्टुलावर बसले. उजवा तळहात उजव्या गुडघ्यावर ठेवला आणि दाबून धरला.

"दाबली की साफ," ते हळू आवाजात म्हणाले. गाडीबद्दल बोलावं तसं, नेमकं. "नुसता टेकवला की."

"हो, अब्बा."

ते उठले, बाहेर गेले आणि बिरूच्या पिकअपचं बॉनेट उघडून तिथे उभे राहिले.  रोशनबींनी अर्धा कप चहा पाठवला, मग अर्ध्या तासाने दुसरा अर्धा पाठवला. त्यांनी दोन्ही घेतले. संध्याकाळी शटर नेहमीच्या वेळेला खाली आलं. निखत स्वयंपाकघरात उभी राहून त्याचा आवाज शेवटपर्यंत ऐकत होती.

रविवारी सकाळी आठला ते पुन्हा वर गेलं.

दिशा अकराला दहा मिनिटं कमी असताना आली. "काका, आज नाही म्हणू नका हं प्लीज. मी ऑफिसात सगळ्यांशी पैज लावून आलेय."

"ट्रायल झाल्याबिगर गाडी जायची न्हाई," पीरमहंमद म्हणाले.

"ऑफ कोर्स. मी थांबते ना."

ते गाडीकडे गेले. चालकाच्या दाराशी थांबले, वळसा घालून दुसऱ्या बाजूला आले आणि किल्ली छपरावरून निखतकडे सरकवली.

"घे."

टायरवर बसलेला बिरू विडी ओढायची थांबला.

निखतने गाडी माल्याच्या रस्त्याला लावली. पीरमहंमद डाव्या सीटवर ताठ बसले होते. या बाजूला कसं बसायचं ते त्यांना माहीत नसल्यासारखे. हात कुठे ठेवावे ते त्यांना कळत नव्हतं, मग त्यांनी ते डॅशबोर्डवर टेकवले. निखतने एकदाच खाली पाहिलं. रबरी मॅटवर त्यांचा उजवा पाय आपल्या तालात हलत होता. तिने लगेच रस्त्याकडे पाहिलं.

"चाळीस कर."

तिने केलं.

"पाय हलका. अजून हलका. आता तसाच ऱ्हाऊ दे."

त्यांनी डोळे मिटले. दोन्ही तळहात डॅशबोर्डवर पसरले होते. खाचरं मागे पडली, पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. चढ सुरू झाला.

"साफ हाय," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "पहिल्या दिवशीच साफ झालती. कार्बन काढला तवाच."

चढाच्या माथ्यावरून गाडी परत वळली.

आवारात दिशा उभी राहून मोबाइल पाहत होती. पीरमहंमद दाराच्या चौकटीला धरून उतरले आणि सरळ तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"तुमास्नी गेल्या रविवारी कळलं होतं," ते म्हणाले. "मला न्हाई कळलं. आठवडाभर तुमची गाडी उगीच ठिवली. माफ करा."

"अहो काका, काय हे! माफी कसली?" दिशा गोंधळली. तिने निखतकडे पाहिलं. "पण मग होतं काय नक्की?"

"गाडीत काय न्हवतं," पीरमहंमद म्हणाले आणि बॉनेटकडे वळले.

"भाई," बिरूने विचारलं, "माझी पिकअप उद्या व्हतीय का?"

"व्हतीय. ट्रायल निखत घेईल."

"माल्याच्या चढाला? बाईमाणूस?"

"तुझ्या पिकअपला इचार. ती भ्यायली तर भ्यायली."

बिरूने एकदा बापाकडे आणि एकदा लेकीकडे पाहिलं. त्याने विडी टायरवर विझवली.

पीरमहंमदांनी फळीवरून पिवळ्या रंगाचा डबा काढला. पान्याच्या टोकाने झाकण उचकटलं. बारीक ब्रश रंगात बुडवला, डब्याच्या काठावर निथळून घेतला, आणि निखतपुढे धरला. ब्रशाचं टोक हवेत थरथरत होतं. ते लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही.

"तुम्ही लावा, अब्बा."

"ट्रायल कुणी घेतली?"

निखतने ब्रश घेतला. झडपेच्या चार नटांपैकी उजवीकडचा वरचा, शेवटी आवळलेला, तिला माहीत होता. तिने श्वास धरून ब्रश टेकवला आणि उचलला. ठिपका गोल आला.

पीरमहंमद वाकून त्याच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी बॉनेट सावकाश खाली आणलं आणि दोन्ही हातांनी दाबून बंद केलं. दिशा गाडीत बसली, हात हलवला, आणि गाडी फाटकातून बाहेर पडून पिरंगुटच्या दिशेने गेली. आवाज कमी कमी होत गेला तरी ते कान देऊन उभे होते.

"मंगळवारी तुझं कॉलेज कधी सुटतंय?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरचा विषय तिने अजून काढलाच नव्हता. रात्रभर शब्द जुळवले होते आणि सकाळी ते गिळले होते.

"दोनला," ती म्हणाली.

"मंग अडीचला निघू पुण्याला." त्यांनी डब्याचं झाकण अंगठ्याने दाबून बसवलं. "तू चालव."